बंबावरचं काळं, बरणीतलं काळं

दिवाळी चार दिवसांवर आली होती. आमच्या आईनं, म्हणजे मुलांच्या आजीनं, माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला. नरकचतुर्दशीची आंघोळ बंबातल्याच पाण्यानं करायची, असा तिचा दंडक. गिझर असला तरी! बंब घासायचं काम अर्थातच सुट्टीला आलेल्या भाचेकंपनीकडं. भाचा नववीतला, भाची सातवीतली. एका वाडग्यात भिजवलेली चिंच आणि मीठ, हातात काथ्या, आणि समोर काळाकुट्ट बंब.

"मामा, हे काळं म्हणजे काजळीच ना?" भाचीनं विचारलं.

"थोडी काजळी. ती नुसत्या फडक्यानं निघते. तिच्याखाली चिकटून बसलेलं काळं आहे ना, ते कॉपर ऑक्साइड."

"कॉपर ऑक्साइड?" भाचा थबकला. "ते तर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. बाटलीत. लेबल लावलेलं."

"मग बंबावरचं डुप्लिकेट असेल!" इति भाची.

"डुप्लिकेट कसलं गं?" आजी आतून ओरडली. "माझ्या सासूबाईंच्या वेळचा बंब आहे तो!"

आम्ही खूप हसलो. पण दोस्तांनो, भाचीच्या बोलण्यात एक खरा प्रश्न लपला होता. एक काळं जाळावर तयार झालेलं, दुसरं कारखान्यातून बाटलीत आलेलं. जन्म निराळा, गाव निराळं. मग दोन्ही एकच कसे? या प्रश्नावरून दोनशे वर्षांपूर्वी दोन मोठे शास्त्रज्ञ काही वर्षं भांडत होते! ते भांडण पुढं सांगतोच. आधी आम्ही काय केलं ते ऐका.

तारेची गंमत

विजेच्या जुन्या वायरचा एक तुकडा घेतला. वरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून काढलं. आत तांब्याची लालसर, चकचकीत तार. ती सांडशीत धरून मी गॅसच्या ज्योतीत मिनिटभर धरली आणि गार होऊ दिली. तार काळी पडली. हे काळं काजळीचं नाही बरं का! तापलेल्या तांब्यानं हवेतला ऑक्सिजन धरून ठेवला, त्याचं हे कॉपर ऑक्साइड. मग तीच तार लिंबाच्या रसात टाकून ठेवली. काही वेळानं बाहेर काढून पुसली, तर पुन्हा गुलाबी-लाल! आंबटातल्या आम्लानं काळा थर विरघळवला होता. चिंचेनं बंब उजळतो तो असाच.

ही युक्ती कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्यात कसबा पेठेजवळ तांबट आळी आहे. तिथले तांबट पत्रा ठोकून ठोकून भांडी घडवतात. ठोकल्यानं तांबं कडक होतं, म्हणून ते तापवून मऊ करावं लागतं. तापवलं की ते काळं पडतं आणि मग ते आम्लानं उजळावं लागतं. कल्हईवाले तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतात ना, धूर निघतो तो? त्यानंही हाच थर निघतो, कारण ऑक्साइडच्या थरावर कथील धरत नाही.

"पण मामा, तारेवरचं काळं किती, ते मोजणार कसं?" भाच्यानं विचारलं. बरोबर होतं त्याचं. तार आतून तांब्याचीच राहते. मोजायचं असेल, तर सगळ्या तांब्याचं ऑक्साइड व्हायला हवं. त्यासाठी आम्ही मोरचूद आणला.

मोरचुदात लपलेलं तांबं

शेतकऱ्यांच्या मुलांना मोरचूद नवा नाही. द्राक्षबागेत, सुपारीच्या बागेत बुरशीवर जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुना पाण्यात कालवूनच करतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. निळेशार, काचेसारखे खडे. पण या सुंदर खड्यांमध्ये तांबं दिसतं का कुठं? नाही! तरीही १० ग्रॅम मोरचुदात सुमारे अडीच ग्रॅम तांबं असतं. आणि गंमत म्हणजे साडेतीन ग्रॅमहून जास्त चक्क पाणी असतं, खड्यात बंदिस्त झालेलं.

आता हिशेब. कॉपर ऑक्साइडमध्ये तांब्याचे ४ भाग असले, तर ऑक्सिजनचा १ भाग असतो (वजनानं). अडीच ग्रॅम तांबं म्हणजे त्याच्या चौथाईएवढा, साधारण ०.६ ग्रॅम ऑक्सिजन. दशांशाचा नेमका हिशेब केला, तर १० ग्रॅम शुद्ध मोरचुदापासून ३.२ ग्रॅम काळी पूड मिळायला हवी. कमी नाही, जास्त नाही.

आम्ही पैज लावली. भाच्यानं धुण्याचा सोडा वापरायचा, भाचीनं खाण्याचा. वाटा दोन, पूड एकच येते का ते बघायचं!

आधी हे वाचा, मगच पुढं

मोरचूद विषारी आहे. पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं, आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून घरातलं मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय हा प्रयोग करायचाच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रयोगाची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाहीत. चव तर कशाचीच घ्यायची नाही! तापवायचं काम फक्त मोठ्यांनीच करायचं. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. मोरचुदाचे खडे थेट जाळावर कधीही तापवायचे नाहीत. खूप तापले की त्यातून गंधकाचे घातक वायू निघतात. आपली वाट त्याहून सुरक्षित आहे.

साहित्य

मोरचूद १० ग्रॅम (शेतीची औषधं विकणाऱ्या दुकानात मिळतो, तो मोठ्यांनी आणावा). धुण्याचा कोरडा सोडा ६ ग्रॅम किंवा खाण्याचा सोडा ८ ग्रॅम. काचेच्या दोन मोठ्या रिकाम्या बरण्या. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी (बॅटरीतलं नव्हे, बाटलीबंद मिळणारं!). ढवळायला लाकडी काडी. एक जुनी स्टीलची ताटली. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मुळीच नको, मोरचूद ते खातो.

कृती

१. एका बरणीत १०० मिलिलिटर कोमट पाणी घेऊन त्यात मोरचूद विरघळवा. निळं निळं पाणी होईल.

२. दुसऱ्या बरणीत दीडशे मिलिलिटर पाण्यात सोडा विरघळवा.

३. सोड्याचं पाणी मोरचुदाच्या पाण्यात थोडं थोडं ओता. घाई नको! फसफसून फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरच्या बुडबुड्यांतला. खाण्याच्या सोड्यानं फेस जास्त येतो, म्हणून बरणी मोठी हवी.

४. निळसर, दह्यासारखा साका तयार होईल. बरणी रात्रभर तशीच ठेवा. साका हळूहळू हिरवट होऊन तळाशी बसतो. वरचं पाणी निळं दिसत असेल, तर आणखी थोडा सोडा घाला. पाणी रंगहीन झालं, म्हणजे सगळं तांबं साक्यात आलं.

५. वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून टाका. नवं पाणी घाला, ढवळा, बसू द्या, पुन्हा ओता. असं निदान पाच-सहा वेळा करा.

६. ओला साका ताटलीत पसरून उन्हात खडखडीत वाळवा. सुंदर हिरवी पूड मिळेल.

७. आता मोठ्यांनी ताटली गॅसवर ठेवावी. खिडक्या उघड्या. आच आधी मंद, मग मोठी. सांडशीत धरलेल्या जुन्या चमच्यानं पूड हलवत राहावं, पण तोंड जवळ नेऊ नये. हिरव्याची तपकिरी, तपकिरीची काळी होत जाते. कुठंही हिरवा कण दिसेनासा झाला, की आणखी दहा मिनिटं तापवून गॅस बंद करावा. ताटली पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

झालं काय? मोरचूद आणि सोड्यानं आपापल्या जोड्या बदलल्या. सोड्याचा कार्बोनेट तांब्याकडं आला, त्याचा हिरवा साका झाला. राहिलेलं सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून गेलं. हिरवी पूड तापवल्यावर तिच्यातून फक्त पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेले. मागं उरलं कॉपर ऑक्साइड.

काटा काय म्हणाला?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सराफाचं दुकान आहे. त्यांचा काटा ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवतो. मुलांनी दोन रिकाम्या बाटल्यांचं वजन आधीच तिथं करून आणलं होतं. आता पूड भरून, बुचं घट्ट लावून दोघंही पुन्हा गेली. "सोनं आणलंत का रे?" सराफकाका म्हणाले. भाची म्हणाली, "नाही काका, बंब आणलाय!"

भाच्याची पूड भरली ४.१ ग्रॅम. भाचीची ३.७.

दोघांचे चेहरे पडले. दोन सोडे, दोन वजनं. आणि दोन्ही ३.२ पेक्षा जास्त! घरी आल्यावर भाचा वही उघडून बसला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "मामा, मी ३.२च लिहितो. पुस्तकी उत्तर तेच आहे ना? काट्याचीच चूक असेल."

"सोनाराचा काटा चुकतो होय रे दादा?" भाची.

मी म्हटलं, "हे बघ, ३.२ लिहिलंस तर वही बरोबर दिसेल. पण मग प्रयोग कशाला केला? आज पुस्तकाचं उत्तर उतरवून काढायचं, तर ते बंब न घासताही जमलं असतं. ४.१ लिही. आणि खाली लिही, 'असं का?'"

त्यानं नाखुशीनंच लिहिलं. पण त्या 'असं का'नंच पुढचं काम केलं.

दोन शास्त्रज्ञांचं भांडण

त्या रात्री मी मुलांना जोसेफ प्रूस्टची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७५४ साली जन्मला आणि बरीच वर्षं स्पेनमध्ये शिकवत होता. त्यानं काय केलं असेल? अगदी आपलंच काम! तांबं आम्लात विरघळवलं आणि सोड्यानं त्याचा हिरवा साका पाडला. आम्ल बदललं, सोड्याऐवजी पोटॅश घेतला. पण १०० भाग तांब्यापासून हिरवा साका दर वेळी १८० भागच भरला. (आजच्या हिशेबानं हा आकडा १७४च्या आसपास येतो, पण त्या काळच्या तराजूनं एवढं जमणं सोपं नव्हतं.) मग त्यानं खाणीत मिळणारा हिरवा खडा, मॅलाकाइट, तपासला. त्यातही तेच प्रमाण! १७९९ साली त्यानं जाहीर केलं, की संयुग निसर्गानं केलेलं असो वा माणसानं, त्यातल्या घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं. हाच स्थिर प्रमाणाचा नियम. नववीत तो भेटतोच.

पण क्लोद बर्तोले या त्याच्याच देशातल्या नामवंत शास्त्रज्ञाला हे पटेना. तो म्हणे, प्रमाण बदलू शकतं, हे बघा माझे नमुने! दोघं काही वर्षं निबंध लिहून एकमेकांना उत्तरं देत राहिले. शिवीगाळ नाही, चिडचिड नाही. प्रूस्टनं बर्तोलेचे नमुने तपासले तेव्हा कळलं, की त्यातले कित्येक मुळात एकच पदार्थ नव्हते. ती मिश्रणं होती. आपलं पितळ घ्या. त्यात तांबं जास्त-कमी घातलं तरी ते पितळच राहतं, कारण ते मिश्रण. संयुगाचं तसं नसतं. पुढं जॉन डाल्टननं अणूंची कल्पना मांडली आणि या नियमाचं कारणही उलगडलं. तांब्याच्या एका अणूला ऑक्सिजनचा एकच अणू. अर्धा अणू जोडताच येत नाही, मग प्रमाण बदलणार कसं?

गोष्ट संपली आणि भाची ताडकन उठून बसली. "दादा, मग आपली पूडपण मिश्रणच असणार!"

दुसरी फेरी

सकाळी दोघांनी पुड्या पांढऱ्या कागदावर पसरल्या आणि भिंगातून बघितल्या. भाच्याच्या पुडीत मध्ये मध्ये हिरवट कण सापडले. म्हणजे ती पुरती तापलीच नव्हती! मग दोन्ही पुडींतली चिमूट चिमूट थोड्या शुद्ध पाण्यात ढवळली. पूड बसल्यावर वरच्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळू दिला. शेजारी साध्या शुद्ध पाण्याचा थेंब. साधा थेंब वाळून नाहीसा झाला. पुडीच्या पाण्याच्या थेंबाजागी मात्र पांढरा डाग! सोडियम सल्फेट पुडीतच राहिलं होतं. मुलांनी साका दोनदाच धुतला होता. कंटाळा केला होता, आणि तो काट्यावर दिसला.

पुन्हा १०-१० ग्रॅम मोरचूद. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी थेंबाचा डाग पडेनासा होईपर्यंत साका धुतला. भाच्याला आठ वेळा पाणी बदलावं लागलं, भाचीला सात वेळा. वाळवला, नीट तापवला आणि सराफकाकांकडं नेला.

भाचा ३.१. भाची ३.०.

३.२ नाही आलं! पण आता कुणाचाच चेहरा पडला नाही. थोडी पूड पाणी ओतताना वाहून गेली होती, थोडी बरणीला चिकटलेली तर डोळ्यांनाच दिसत होती. मोरचूदही दुकानातलाच, अगदी शुद्ध थोडाच असणार? या कारणांनी वजन थोडं कमीच भरणार. जास्त भरलं असतं, तर मात्र काहीतरी नको ते आत आहे असं समजायचं. हा काही प्रूस्टच्या नियमाचा पक्का पुरावा नव्हे. त्याला याहून बारीक मोजमाप लागतं. पण दोन निराळ्या सोड्यांच्या वाटा जवळजवळ एकाच जागी येऊन मिळाल्या, हे आमच्या मुलांनी स्वतः पाहिलं. वहीत दोन्ही फेऱ्यांचे आकडे आहेत. खाडाखोड न करता.

आणि डुप्लिकेटचं काय? बंबाच्या बुडाचं थोडं काळं खरवडून घेतलं होतं. तीन लहान बाटल्यांत पांढरं व्हिनेगर घालून एकीत भाच्याची पूड, दुसरीत भाचीची, तिसरीत बंबाचं काळं टाकलं. दोन दिवसांनी तिन्ही बाटल्यांत पाणी निळसर-हिरवं झालं होतं. तिसऱ्या बाटलीच्या तळाशी थोडं काळं तसंच होतं. ती काजळी! तिला आंबटाची भीती नाही.

"बघा," आजी म्हणाली, "म्हटलं नव्हतं, डुप्लिकेट नाही म्हणून? आणि तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, ते का, तेही कळलं आता."

खरंच. ताकाच्या आंबटानं तांबं असंच थोडं थोडं विरघळतं. ते पोटात जायला नको, म्हणून तर भांड्यांना कल्हई!

आई-बाबांसाठी

हा प्रयोग मुलांच्या हाती सोपवून आपण टीव्ही पाहू नका. सोबत बसा. मोरचूद आणि काळी पूड दोन्ही लेबल लावून, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा. पूड सांडली तर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. निळी-हिरवी उरलेली पाणी आधी एका बरणीत जमवून त्यात सोडा घाला, साका बसू द्या. वरचं रंगहीन पाणी तेवढं भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. विहीर, ओढा, तळं, कुंडी यांत काहीच ओतू नका. तांब्याचे क्षार माशांना आणि शेवाळाला मारक असतात. आणि मुलाचं उत्तर चुकीचं आलं, तर रागावू नका. 'असं का?' एवढंच विचारा.

डोकं चालवा

मोरचूद १० ऐवजी २५ ग्रॅम घेतला, तर काळी पूड किती मिळायला हवी? आणि तुमची पूड ३.५ ग्रॅम भरली, तर आधी काय तपासाल?

प्रयोग कराल तेव्हा तुमचा आकडा आम्हाला जरूर कळवा. ३.२ आलाच पाहिजे असं मुळीच नाही. काटा जे म्हणाला, तेच लिहा!